शाईचं पेन: भरणं, लिहिणं, धुणं

शाईच्या पेनाला दोन गोष्टी सोसत नाहीत. एक म्हणजे कागदावर दाबणं आणि दुसरी म्हणजे शाई भरून तसंच पडू देणं. पेन अडतं, गळतं, खरडतं, शाईच देत नाही अशा ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी या दोहोंपैकी एक असतं. मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. आमच्याकडे पाचवीत मुलं पेन्सिल सोडून पेन हातात घेतात, आणि ज्यांना हवं त्यांना मी शाईचं पेन वापरायला शिकवते. हल्ली पालकही फोन करून विचारतात, बाई, कुठलं घ्यायचं, शाई कोणती आणायची, सदऱ्यावर सांडली तर काय करायचं. त्या सगळ्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगत आले ते इथे एकत्र लिहिते.

आत काय चालतं

बॉलपेनाच्या टोकाला एक बारीक गोळी असते आणि आत घट्ट, तेलकट शाई. गोळी फिरल्याशिवाय शाई येत नाही, म्हणून ते कागदावर रेटावं लागतं. शाईच्या पेनात असं फिरणारं काही नाही. निबच्या मधोमध एक चीर असते. ती टोकापर्यंत जाते आणि निबची दोन पाती करते. निबच्या पोटाशी घट्ट बसलेली काळी पट्टी म्हणजे जीभ. जिभेच्या वरच्या अंगाला अतिशय बारीक खाचा असतात. टाकीतली शाई त्या खाचांतून केशाकर्षणाने चिरेपर्यंत येते आणि तिथे थांबून राहते. टोक कागदाला टेकलं की कागद तिला ओढून घेतो. जेवढी शाई बाहेर गेली तेवढीच हवा जिभेच्या वाटेने टाकीत शिरते, म्हणून शाई एकदम सांडत नाही आणि मध्येच थांबतही नाही. जिभेच्या खालच्या बाजूला आडवे कंगोरे दिसतात, ते शोभेचे नाहीत. हाताच्या उबेने टाकीतली हवा फुगली आणि तिने जास्तीची शाई पुढे ढकलली, तर ती या कंगोऱ्यांमध्ये धरली जाते.

बोरू किंवा टाक दर चार-दोन शब्दांनी दौतीत बुडवावा लागायचा. दौत पेनाच्या पोटात नेण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले, पण हवा आत आणि शाई बाहेर हा हिशेब जुळवणं अवघड होतं. न्यूयॉर्कच्या ल्यूइस वॉटरमनने १८८४ साली ज्या जिभेचं पेटंट घेतलं, तिच्यामुळे हा हिशेब रोजच्या वापरापुरता नीट बसला. आजच्या स्वस्तातल्या स्वस्त पेनातही तत्त्व तेच आहे.

हे एवढं समजलं की दाबायचं का नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. दाबल्याने शाई जास्त येते ती पाती फाकतात म्हणून. रोज फाकली की ती परत मिटत नाहीत, चीर रुंद होते, आणि मग एक दिवस टोकापर्यंत शाई पोचेनाशी होते. वर्गात मी एक गंमत करायला लावते. पेन अंगठा आणि एका बोटाने अगदी मागच्या टोकाला, सैलसं धरायचं, निब कागदावर नुसती टेकवायची आणि पेन आपल्याकडे ओढायचं. रेघ उमटते. पेनाच्या वजनाने जेवढा दाब पडतो तेवढाच लागतो, त्याहून जास्त नको. रेघ उमटली नाही तर पेनात दोष आहे, हातात नाही.

देवनागरीसाठी निब

पेन विकत घेताना लोक रंग बघतात, टोपणाची सोनेरी पट्टी बघतात. आधी निब बघा. मराठी लिहिणाऱ्याने बारीक निबच घ्यावी, हे माझं ठाम मत आहे. निबवर किंवा खोक्यावर ‘एफ’ असेल ती बारीक, ‘ईएफ’ त्याहून बारीक, ‘एम’ मध्यम, ‘बी’ जाड. बारीक निबची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर भरते. जपानी कंपन्यांची बारीक निब युरोपातल्या बारीक निबपेक्षा सहसा एक पायरी आणखी बारीक असते, तेवढं ध्यानात ठेवा.

बारीकच का, तर आपल्या अक्षरांच्या पोटात फार काही मावावं लागतं. ‘ळ’चे दोन डोळे बघा. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक एका लहानशा गाठीवर आणि शिरोरेघेतल्या फटीवर उभा आहे. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ शाईत बुडाली की त्याचा ‘प’ होतो. वर वेलांटी, तिच्यावर रफार, त्याच्या शेजारी अनुस्वार. ‘मूर्तींना’ हा शब्द मध्यम निबने एकेरी वहीत लिहून पाहा. दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर नुसता शाईचा पुंजका दिसेल. उत्तरपत्रिका तपासताना असे पुंजके मी रोज वाचते आणि मुलाला दीर्घ माहीत होतं की नव्हतं, हे कळायला मार्ग नसतो.

शिरोरेघेचंही एक आहे. मोडी लिहिणारे आधी पानभर आडवी रेघ ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरं बसवत जात. आपण देवनागरीत शब्द लिहून झाल्यावर रेघ मारतो. त्यामुळे प्रत्येक काना जिथे रेघेला मिळतो तिथे शाई दोनदा पडते. पेन सढळ शाई देणारं असेल तर तिथे ठिपका जमतो आणि पान पलटलं की मागे उमटतो. बारीक निबने हे खूपच कमी होतं. शिवाय रेघ मारताना पेन थबकू देऊ नका, डावीकडून उजवीकडे एका झोकात, हलक्या हाताने मारा.

तिरपी किंवा चपटी निब, जिला दुकानात कॅलिग्राफीची म्हणतात, ती हौसेने घेणारे पुष्कळ आहेत. ती रोमन अक्षरांसाठी छाटलेली असते. देवनागरीच्या बोरूचा काप उलट दिशेने तिरका असतो, म्हणून नेहमीच्या पद्धतीने धरलेल्या त्या निबने मराठी लिहिलं की जिथे अक्षर भरदार हवं तिथे ते किडकिडीत होतं. सुलेखन शिकायचं असेल तर सरळ बोरू घ्या.

निब सोन्याची हवी का? नको. पोलादी निब उत्तम चालते. झिजतं ते टोक, आणि चांगल्या निबच्या टोकाला दुसऱ्याच कठीण धातूचा बारीक मणी जोडलेला असतो. पाती सोन्याची असोत की पोलादाची, कागदाला लागतो तो हा मणी. तो भिंगातून बघा. गोल, गुळगुळीत आणि दोन्ही पात्यांवर सारखा असेल तर पेन घ्या.

पेन कुठलं

मुलासाठी पहिलं पेन शंभर-दोनशे रुपयांच्या आसपासचं पुरे. ते हरवणार, पडणार, बाकाखाली जाणार. महाग पेन दिलं की मूल धास्तावतं आणि घट्ट धरतं, आणि घट्ट धरण्यातूनच दाबणं सुरू होतं.

भरण्याच्या पद्धतीवरून पेनांचे प्रकार पडतात. ड्रॉपरने भरायच्या पेनात मागची सगळी नळीच टाकी असते. दोन-तीन मिली शाई मावते, परीक्षा संपते पण शाई संपत नाही. पिस्टनच्या पेनात मागची घुंडी फिरवून शाई वर ओढतात. चिनी हीरो पेन आपल्याकडे घराघरांत होतं आणि अजून मिळतं. त्याच्या अनेक नमुन्यांत रबरासारखी नळी असते आणि ती चारपाच वेळा दाबून सोडायची असते. आणि हल्लीच्या बऱ्याच पेनांत काडतूस बसतं किंवा त्याच जागी कन्व्हर्टर. काडतूस म्हणजे शाई भरलेली प्लास्टिकची नळी, संपली की टाकायची. कन्व्हर्टर म्हणजे पुन्हापुन्हा भरायची नळी. काडतूस सोयीचं असलं तरी कंपनीकंपनीत त्याचं माप बदलतं, आणि गावात ते मिळेलच असं नाही. पेन घेताना सोबत कन्व्हर्टर आहे का हे विचारून घ्या आणि शाईची बाटली आणा. वर्षभराच्या खर्चात मोठा फरक पडतो.

ज्यांना थोडं पुढे जायचं आहे त्यांनी आपल्याकडची हाताने घडवलेली पेनं जरूर बघावीत. आंध्रातल्या राजमहेंद्रीला रत्नम यांच्या घराण्यात अशी पेनं होतात. स्वदेशीच्या काळात त्यांनी गांधीजींसाठी पेन घडवलं, आणि १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून ते चांगलं चालतं असं कळवलं. ही पेनं बहुधा एबोनाइटची असतात, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. हाताला ती उबदार लागतात, घामाने निसटत नाहीत. फक्त उन्हात ठेवू नका आणि नळी पाण्यात बुडवून ठेवू नका, काळा रंग तपकिरी-हिरवट पडतो.

शाई

पेनात घालायची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. बाटलीवर ती फाउंटन पेनची आहे असं लिहिलेलं असलं पाहिजे. चित्रकलेच्या दुकानातली काळी वॉटरप्रूफ शाई पेनात कधीही घालू नका. तिच्यात लाख किंवा तसलंच काही चिकट असतं, ते जिभेच्या खाचांत सुकलं की पाण्याने निघत नाही. शिक्क्याच्या पॅडची शाई, प्रिंटरची शाई, पाण्यात कालवलेला पोस्टर कलर, यांतलं काहीच नको. हिरडा आणि हिराकस उकळून शाई करण्याचा प्रयोग मुलांना फार आवडतो. लिहिताना ती फिकट दिसते आणि हवा लागून काळी होत जाते, ते बघताना वर्ग अगदी शांत होतो. पण ती शाई टाकाने वापरायची. तिच्यात आम्ल असतं आणि गाळ बसतो, पेनात ती टिकू देणार नाही.

मुलांसाठी निळी, धुवून निघणारी शाई घ्या. बाटलीवर बहुधा ‘रॉयल ब्लू’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळणारी कॅमल शाई यासाठी चांगली आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईच्या पुड्या आणि वड्यांपासून सुरू केलेल्या धंद्यातून ती आली, आणि कॅमल इंकवरूनच पुढे कॅमलिन हे नाव पडलं. कोलकात्याची सुलेखा ही १९३४ सालची, तीही स्वदेशीच्या चळवळीतून जन्मलेली, आणि आता पुन्हा मिळू लागली आहे. परदेशी शाया सुंदर आहेत, रंगांची गणतीच नाही, पण चमकी घातलेल्या शाया रोजच्या पेनात घालू नका. ती चमकी खाली बसते आणि खाचा बुजवते.

धुवून निघणारी शाई पाण्याने जाते, हा तिचा गुणही आहे आणि अवगुणही. धनादेश, दस्त, अर्ज, पाकिटावरचा पत्ता या ठिकाणी ती वापरू नका. तिथे कायम टिकणारी निळी-काळी किंवा काळी शाई हवी. परीक्षेच्या दिवशी पाण्याची बाटली बाकावर ठेवायची नाही, खाली ठेवायची, हेही मी मुलांना बजावते. आणि ज्या अर्जाखाली कार्बन घालायचा आहे तो बॉलपेनानेच भरा. कार्बनला दाब लागतो, आणि तोच इथे द्यायचा नाही.

दोन शाया एका पेनात मिसळू नका, एकाच कंपनीच्या असल्या तरी. कधी काही होत नाही, कधी दोन्ही मिळून गोळे धरतात. वह्या तपासायला मला लाल शाई लागते, तर त्यासाठी मी पेनच वेगळं ठेवलं आहे. त्यात लाल सोडून दुसरी शाई जात नाही.

भरताना

ड्रॉपरचं पेन असेल तर टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरा. निबचा भाग आटे उलटे फिरवून काढा आणि कागदावर आडवा ठेवा. नळी उभी धरा. ड्रॉपरमध्ये शाई घेतल्यावर त्याचं टोक बाटलीच्या काठाला टेकवून लोंबता थेंब आत सोडा, मगच नळीकडे न्या. ड्रॉपर नळीत खोलवर घालून सावकाश दाबा, म्हणजे बुडबुडे येत नाहीत. आट्यांच्या खाली बोटाच्या पेराइतकी जागा सोडून थांबा. आट्यांना लागलेली शाई पुसा. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसटसा थर फिरवून घेतला तर तिथून शाई पाझरत नाही. पूर्वी याच कामाला मेण वापरत. निबचा भाग बसवताना पेन उभंच ठेवा, आणि हाताला घट्ट लागलं की थांबा. जास्त आवळल्याने पाझर थांबत नाही, नळीला तडा जातो.

कन्व्हर्टर, पिस्टन किंवा दाबायची नळी असेल तर निब पूर्ण बुडली पाहिजे, तिच्या मागचं छोटं भोक आणि निब जिथे पेनात शिरते ती कडसुद्धा शाईखाली गेली पाहिजे. नाहीतर शाईबरोबर हवा ओढली जाते आणि पेन अर्धंच भरतं. भरून झालं की दोन-तीन थेंब बाटलीत परत सोडा, निब वर करून घुंडी किंचित मागे घ्या, आणि निब जुन्या सुती कापडाने टिपा. पुसू नका, टिपा.

नव्या पेनात शाई भरण्याआधी ते एकदा साध्या पाण्याने धुऊन घ्या. कारखान्यातलं तेल आत राहिलेलं असतं आणि त्यामुळे नवं पेन तुटक लिहितं. दुकानात परत घेऊन जाण्याआधी एवढं करून पाहा.

धरायचं कसं, लिहायचं कसं

निबची चकाकती बाजू वर, जीभ खाली. पेन आणि कागद यांच्यात पन्नास अंशांच्या आतबाहेर कोन राहू द्या. बॉलपेन उभं धरायची सवय असलेल्यांना हे आडवं वाटतं, पण उभं धरलं की निब खरडते. दोन्ही पाती कागदाला सारखी लागली पाहिजेत. मुलं लिहिता लिहिता पेन बोटांत गोल फिरवतात, मग एकच पातं टेकतं आणि शाई तुटते. पेनाच्या वरच्या बाजूला एक ठिपका काढून द्या आणि तो ठिपका लिहिणाऱ्याला दिसत राहिला पाहिजे असं सांगा. आठवड्याभरात सवय होते.

बोटांनी पेन ढकलू नका, मनगट आणि पुढचा हात सरकू द्या. चिमटीतली नखं पांढरी पडली असतील तर पेन घट्ट धरलंय. तपासणीच्या दिवसांत वह्यांचे गठ्ठे संपवताना माझ्या मनगटाला पूर्वी कळ यायची. शाईच्या पेनावर आल्यापासून ती येत नाही, कारण दाबायचं कामच उरलं नाही. ज्यांना खूप लिहावं लागतं, त्यांनी सुंदर अक्षर वगैरे बाजूला ठेवून केवळ हातासाठी म्हणून हे पेन वापरून बघावं.

डावखुऱ्या मुलांना शाईचं पेन देऊच नये, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. हात ओल्या अक्षरांवरून सरकतो एवढीच अडचण आहे. बारीक निब, लवकर सुकणारी शाई, आणि वही उजवीकडे कलती ठेवून हात ओळीच्या खाली राहील अशी बैठक, एवढं केलं की डावखुरी मुलंही छान लिहितात. टिपकागदाचा तुकडा हाताखाली ठेवला तर उत्तमच.

लिहिताना टोपण मागे लावायचं की नाही हे पेनाच्या तोलावर ठरवा. मागे जड वाटलं तर काढून बाजूला ठेवा. पण लिहिणं थांबलं की टोपण लावायचं, दाराची बेल वाजली तरी आधी टोपण. उघडी निब पाच-दहा मिनिटांत सुकू लागते, पंख्याखाली त्याहून लवकर.

कागद

कागद चांगला नसेल तर पेन, शाई आणि हात तिन्ही चांगले असून उपयोग नाही. अक्षराच्या कडेने शाईच्या मुळ्या फुटतात किंवा पानामागे सगळं उमटतं, ते कागदाला पुरेशी खळ दिलेली नसते म्हणून. वही घेताना दुकानातच शेवटच्या पानावर एक ठळक अनुस्वार द्या आणि पाच आकडे मोजा. ठिपका गोलच राहिला तर वही घ्या, कडा कुरतडल्यासारख्या झाल्या तर दुसरी बघा. वजन म्हणजे जीएसएम जास्त असलं की कागद चांगलाच असतो असं नाही, खळ महत्त्वाची. लेजर किंवा बाँड कागदावर शाई छान बसते.

पावसाळ्यात वह्या ओल धरतात आणि जो कागद मे महिन्यात नीट चालतो तोच जुलैत शाई पसरू लागतो. वह्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर ठेवू नका. त्या महिन्यांत शाई कमी सोडणारं पेन वापरा.

धुणं

रोज लिहिलं जाणारं पेन फार धुवावं लागत नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा आणि शाईचा रंग बदलताना धुतलं की पुरे. पण शाई भरून पडून राहिलेलं पेन आतून सुकतं. पाणी उडून जातं, रंग खाचांत राहतो. म्हणून मी मुलांना तीन दिवस नेमून दिले आहेत: मे महिन्याची सुट्टी लागते तो दिवस, दसऱ्याचा आदला दिवस, म्हणजे पाटीपूजनाला पेन स्वच्छ असतं, आणि नाताळची सुट्टी. दिवाळीच्या सुट्टीत पेन वापरणार नसाल तर चौथा.

पद्धत अगदी सोपी आहे. पेनातली शाई बाटलीत परत न ओतता टाकून द्या. निबचा भाग वाटीतल्या साध्या, गार पाण्यात ठेवा. गरम पाणी नको, प्लास्टिक आणि एबोनाइट वाकतं. स्पिरिट, नेलपॉलिश काढायचं द्रव, ब्लीच यांतलं काहीही नको. पाणी रंगलं की बदला. कन्व्हर्टर असेल तर पाणी आत ओढून बाहेर सोडत राहा. शाई फार सुकली असेल तर रात्रभर भिजू द्या, आणि तरीही निघाली नाही तर पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून धुवा, मग पुन्हा साध्या पाण्याने. शेवटी निब खाली करून कापडाच्या घडीवर उभं ठेवा, कापड उरलेलं पाणी ओढून घेतं. निब आणि जीभ दर वेळी उपटून काढू नका. त्यांची बैठक सैल होते आणि मग पेन गळायला लागतं.

अडलं तर

पेन लिहीत नाही म्हणून झटकायचं नाही. भिंतीवर आणि पुढच्या मुलाच्या पाठीवर जे डाग दिसतात ते त्यामुळेच. आधी शाई आहे का बघा. असेल तर निबचं टोक क्षणभर पाण्यात बुडवून टिपून घ्या आणि रद्दी कागदावर दोन-चार आडव्या आठासारख्या रेघा काढा. सुट्टीनंतरची बहुतेक पेनं एवढ्यावर चालू होतात. नाही झालं तर धुवा.

पेन खरडत असेल तर निब भिंगाखाली धरा. बहुतेक वेळा एक पातं वर आणि एक खाली गेलेलं दिसेल, पेन पडल्यावर हेच होतं. वर गेलेलं पातं नखाने हलकेच खाली दाबा, सोडा, पुन्हा बघा. दोन्ही एका पातळीत आली की खरड थांबते. निब फरशीवर घासून गुळगुळीत करण्याची जुनी सवय अजून दिसते. त्याने मणी झिजतो, आणि मणी गेला की निब गेली. चिरेत कागदाचा तंतू अडकला असेल तर पितळेच्या अगदी पातळ पत्र्याची पट्टी चिरेतून एकदा ओढा. दाढीचं पातं नको, ते चिरेच्या कडा कापतं.

ड्रॉपरचं पेन मध्येच टपकन थेंब टाकतं तेव्हा ते नादुरुस्त नसतं, अर्धं रिकामं झालेलं असतं. रिकाम्या जागेतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाई ढकलते. पाव भाग उरला की पुन्हा भरा, हा त्यावरचा उपाय. घाट चढून महाबळेश्वरला जाताना किंवा विमानात बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो तेव्हाही असंच होतं. प्रवासात पेन निब वर करून खिशात ठेवा, आणि एक तर पूर्ण भरलेलं न्या, नाहीतर पूर्ण रिकामं. उन्हाळ्यात बंद मोटारीत पेन ठेवू नका.

कपड्यावर शाई सांडली की लगेच खाली कापडाची घडी ठेवून वरून गार पाणी सोडत राहा आणि टिपत राहा. चोळलं की डाग पसरतो. निळी शाई सुती कपड्यातून बहुतेक निघते. पूर्ण निघेपर्यंत इस्त्री फिरवू नका आणि कडक पाण्यात टाकू नका, उष्णतेने डाग पक्का होतो. लाल आणि काळी शाई चिवट असते, त्यांच्या वेळी जितकी घाई कराल तितकं बरं.

आजोबांचं पेन सापडलं तर

पालक बरेचदा जुनं पेन घेऊन येतात, ट्रंकेत सापडलेलं, टोपण घट्ट बसलेलं. ते पकडीने फिरवू नका. निबकडची बाजू गार पाण्यात भिजत ठेवा, दिवसातून एकदा हाताने हलकेच फिरवून पाहा, सुकलेली शाई विरघळली की टोपण आपोआप सुटतं. नळीच्या बाजूला लहानशी खिटी असेल तर ते आत रबरी पिशवी असलेलं पेन आहे, आणि इतक्या वर्षांत पिशवी कडक होऊन तडकलेली असणार. खिटी उचलू नका. उचलली तर पिशवीचा चुरा होतो आणि कधी खिटीही मोडते. अशा पेनाची पिशवी बदलून देणारे दुरुस्तीवाले पुण्या-मुंबईत अजून आहेत, त्यांच्याकडे द्या. तोवर पेन वापरायचंच असेल, तर निबला किंचित शाई लावून टाकासारखं लिहा. निब कशी आहे, टोकाचा मणी शिल्लक आहे का आणि दुरुस्तीवर पैसे घालावेत का, हे चार ओळींत कळतं.